जुनी छोटी मोटार : पुंटो घ्यावी की फिगो?

एक काळ असा होता की गावात मोटार किती, हे एका हाताच्या बोटांवर मोजता येई. डॉक्टरांची एक, साखर कारखान्याच्या चेअरमनांची एक, आणि लग्नसराईत तालुक्याहून भाड्याने येणारी एक. नावेही मोजकीच. ॲम्बॅसडर नाही तर फियाट. निवडीचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. आज प्राथमिक शाळेच्या आवारात दुपारी पाहिले, तर गुरुजींची एक आणि बाईंची एक अशा दोन-तीन गाड्या कडुनिंबाखाली उभ्या दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा दुसऱ्या हाताने घेतलेल्या असतात. आणि दुसऱ्या हाताची गाडी घेणे हे नवी गाडी घेण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण नव्या गाडीत फक्त गाडी पारखायची. जुन्या गाडीत गाडी, तिचा आधीचा मालक आणि आपल्या गावचा मिस्त्री, असे तिघे पारखावे लागतात.

आज मी आपल्याशी दोनच गाड्यांविषयी बोलणार आहे. एक फियाट कंपनीची पुंटो, दुसरी फोर्ड कंपनीची फिगो. तीही पहिल्या घाटाची, म्हणजे २०१० ते २०१५ या काळात विकली गेलेली. दोन्ही छोट्या, चार मीटरच्या आतल्या. दोन्ही कंपन्यांनी आपल्या देशात या गाड्या करणे थांबवले आहे. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. फियाटच्या गाड्या तर एप्रिल २०२० मध्ये धुराचे नवे कडक नियम लागू झाले, त्याच्या आतच बाजारातून गेल्या. 'कंपनी पळाली' हा शब्द एकदा बाजारात पसरला की गाडीची किंमत धाडकन उतरते, आणि म्हणूनच या दोन्ही गाड्या त्यांच्या योग्यतेच्या मानाने स्वस्त मिळतात. कंपनी गेली म्हणून गाडीचे लोखंड काही पातळ होत नाही. मात्र सुट्या भागांचा प्रश्न खरा आहे, आणि तो कसा खरा आहे हे नीट समजून घेतले नाही, तर स्वस्तात घेतलेली गाडी दारात उभी राहते आणि ऐन पावसात रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की शेजाऱ्याचे दार वाजवावे लागते.

आधी पुंटोविषयी. फियाट हे नाव आपल्याकडे नवे नाही. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे तीच पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी आपण सर्वांनी पाहिली, तीच ही. ती शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. पुंटो मात्र कुर्ल्याची नव्हे. ती पुण्याजवळ रांजणगावला, महागणपतीच्या त्या गावी, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीच्या कारखान्यात तयार होई. जून २००९ मध्ये ती बाजारात आली. विक्री आणि दुरुस्ती सुरुवातीला टाटांच्याच शोरूममधून चाले, आणि माझ्या मते तिच्या खपाला तिथेच खीळ बसली. दुकानदार स्वतःच्या घरचा माल आधी दाखवणार, पाहुण्याचा मागून. असो.

पुंटोचे खरे भांडवल म्हणजे तिचे डिझेल इंजिन. १,२४८ घन सेंटिमीटरचे, 'मल्टिजेट' नावाचे. आपल्याकडच्या मिस्त्री मंडळींना मल्टिजेट म्हटले तर कदाचित कळणार नाही, पण 'स्विफ्टचं डिझेल इंजिन' म्हटले की लगेच कळेल. कारण इंजिन एकच! फियाटने ते २००३ साली युरोपात आणले, मारुतीने परवाना घेऊन ते आपल्या स्विफ्टमध्ये आणि डिझायरमध्ये घातले, टाटांनी व्हिस्टामध्ये घातले. महाराष्ट्रातला असा एकही तालुका नसेल, जिथे हे इंजिन उघडून पुन्हा बसवलेला माणूस सापडणार नाही. हजारो डिझायर टुरिस्टला धावल्या, त्यांनी लाख-लाख, दोन-दोन लाख किलोमीटर काढले, आणि त्यांच्या दुरुस्तीवर मिस्त्र्यांची एक आख्खी पिढी शिकली.

आता हे इंजिन डिझेल कसे जाळते, तेही थोडक्यात सांगतो, कारण शाळेत मुले विचारतात आणि पुस्तकात ते नेहमीच मिळते असे नाही. जुन्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक नळीला स्वतंत्र दाब देई, एकदाच पिचकारी उडे, आणि म्हणून तो ट्रॅक्टरासारखा ठकठक आवाज येई. नव्या पद्धतीत सगळे डिझेल आधी एका जाड नळीत अतिशय मोठ्या दाबाखाली साठवून ठेवतात. सामाईक टाकीतून घरोघर नळ जावेत, तसे या नळीतून चारही सिलिंडरांकडे इंजेक्टर जातात. मग विजेच्या इशाऱ्यावर एकाच फेऱ्यात दोनदा, तीनदा, अगदी थोडे थोडे डिझेल आत सोडता येते. आधी चिमूटभर, मग मुख्य घास. त्यामुळे आवाज कमी, धूर कमी आणि ॲव्हरेज जास्त. मल्टिजेट या नावाचा अर्थ तोच, अनेक पिचकाऱ्या. ही सामाईक नळीची युक्ती मुळात फियाटच्याच शास्त्रज्ञांनी प्रगत केली, नंतर ती जर्मनीच्या बॉश कंपनीला दिली, आणि १९९७ साली अल्फा रोमिओच्या गाडीत ती पहिल्यांदा विक्रीला आली. इतके बारीक काम म्हटल्यावर त्याला स्वच्छ डिझेल लागणार हे ओघानेच आले. ड्रममधून, रबरी नळीने तोंडाने ओढून भरलेले डिझेल या इंजेक्टरांना चालत नाही. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे आणि त्यात साचलेले पाणी काढणे, हे या दोन्ही गाड्यांच्या बाबतीत सारखेच महत्त्वाचे आहे.

फिगोची गोष्ट वेगळी. फोर्ड कंपनी महाराष्ट्राला अगदीच परकी नव्हे. १९९६ साली तिची एस्कॉर्ट गाडी महिंद्रांच्या भागीदारीत नाशिकला तयार होत असे. फिगो मात्र चेन्नईजवळच्या कारखान्यातली. मार्च २०१० मध्ये ती विक्रीला आली, आणि पुढल्या वर्षी तिला भारतातल्या वर्षातल्या उत्तम गाडीचा किताबही मिळाला. तिचे डिझेल इंजिन १,३९९ घन सेंटिमीटरचे, फोर्ड आणि फ्रान्सची प्यूजो कंपनी यांनी मिळून केलेले. ताकद ६९ अश्वशक्ती, तर पुंटोची साध्या प्रकारात ७६. कागदावर पुंटो पुढे. पण कागद आणि कुंभार्लीचा घाट यांत फरक असतो.

पुंटोच्या इंजिनाला टर्बो आहे. म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी एक पंखा-जोडी, जी इंजिनात जादा हवा कोंबते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली असले की धुराला जोर नसतो, पंखा मंद फिरतो, आणि गाडी मेल्यासारखी वाटते. दोन हजारांच्या वर गेली की तीच गाडी उसळी मारते. चढावर, अरुंद वळणावर, आत पाच माणसे आणि मागे तांदळाचे पोते, समोरून एस.टी. आली म्हणून थांबावे लागले, आणि मग पुन्हा निघायचे, अशा वेळी ज्याला या गाडीची खोड माहीत नाही तो गाडी बंद पाडतो किंवा क्लच जाळतो. फिगोलाही टर्बो आहे, पण तिचा स्वभाव गरीब. ताकद कमी असली तरी ती खालपासून सावकाश, सारखी मिळते. घरात गाडी चालवणारे एकापेक्षा अधिक असतील, मुलगा नुकताच शिकला असेल, किंवा बाई स्वतः गाडी घेऊन केंद्रशाळेच्या सभेला जात असतील, तर फिगो पहिल्या दिवसापासून सोयीची पडते. पुंटो शिकून घ्यावी लागते. शिकल्यावर मात्र मोकळ्या रस्त्यावर तिच्यासारखी ठाम बसणारी गाडी त्या किमतीत दुसरी मिळणे कठीण, हे मी निःसंकोचपणे सांगेन.

आता मुख्य मुद्दा. इंजिनाच्या आत झडपा वेळच्या वेळी उघडण्या-मिटण्यासाठी एक तर लोखंडी साखळी असते, नाही तर रबरी दातेरी पट्टा असतो. पुंटोच्या डिझेल इंजिनात साखळी आहे. फिगोच्या डिझेल इंजिनात पट्टा आहे. हा फरक विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही, आणि नेमका यातच जुन्या गाडीचा सगळा हिशेब बुडतो किंवा तरतो. रबर हे नुसते धावण्याने झिजत नाही, ते वयानेही जून होते. एखादी २०१२ सालची फिगो साठ-सत्तर हजारच किलोमीटर चाललेली मिळाली, तर आपण खूश होतो. पण तो पट्टा कधी बदललेलाच नसेल, तर त्याचे आयुष्य वर्षांच्या हिशेबाने केव्हाच संपले आहे. तो धावत्या गाडीत तुटला की झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि 'इंजिनकाम' निघते. म्हणजे कधी कधी गाडीच्या निम्म्या किमतीइतका खर्च. तेव्हा फिगो घेताना पट्टा बदलल्याचे बिल मागा. बिल नसेल, तर तो बदलायचाच आहे असे धरून ती रक्कम सौद्यातून कमी करा, आणि गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, पट्ट्याचा ताण धरणारी पुली आणि पाण्याचा पंप यांसकट बदलून घ्या.

मग साखळी म्हणजे निर्धास्त का? तसेही नाही. मल्टिजेटच्या साखळीला इंजिनातल्याच तेलाचे वंगण आणि ताण मिळतो. आधीच्या मालकाने तेल बदलायला टाळाटाळ केली असेल, किंवा पातळी कमी झालेली असताना गाडी दामटली असेल, तर साखळी सैल पडते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर पुढून खुळखुळ्यासारखा आवाज आला, तर समजावे. विकणाऱ्याने आपण पोचण्यापूर्वीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर गोड बोलून चहा घ्यावा, दोन तास थांबावे, आणि इंजिन निवल्यावर पुन्हा सुरू करायला सांगावे.

सुट्या भागांचे म्हणाल, तर या दोन गाड्यांची परिस्थिती बरोबर उलटसुलट आहे. पुंटोचे काळीज सगळीकडे मिळते, हातपाय मिळत नाहीत. फिगोचे हातपाय मिळतात, काळजाला वैद्य शोधावा लागतो. पुंटोच्या इंजिनाचे कितीतरी भाग स्विफ्टच्या इंजिनाशी जुळतात. सगळे नव्हेत, पण रोजच्या दुरुस्तीला लागणारे पुष्कळ. उलट तिचा दिवा, बंपर, दरवाजा, काच, पुढच्या चाकाचा आर्म, हे भाग तिचे तिलाच लागू पडतात, आणि ती मुळात कमी खपल्यामुळे भंगार बाजारातही तिचा सांगाडा सहजी सापडत नाही. फिगो तिच्या मानाने खूपच जास्त खपली. त्यामुळे मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा मोठ्या शहरांतल्या जुन्या भागांच्या बाजारात फिगोचा दरवाजा मिळतो, दिवा मिळतो. शिवाय फोर्डने या गाडीच्या वेळी एक शहाणपणा केला होता : आख्खा जोडभाग विकण्याऐवजी त्यातला बिघडलेला लहान तुकडाच वेगळा विकायचा, म्हणजे ग्राहकाला भुर्दंड कमी. भारतातून जाताना कंपनीने सुटे भाग आणि सेवा चालू ठेवण्याचे सांगितले. पण अधिकृत दुरुस्तीकेंद्र आपल्या गावापासून किती मैलांवर आहे, हे सौद्याआधी स्वतः फोन करून विचारणे उत्तम. जाहिरातीतल्या यादीवर विसंबू नये.

म्हणून मी असे सुचवीन, की गाडी ठरवण्याच्या आधी मिस्त्री ठरवावा. आपल्या तालुक्याच्या मिस्त्र्याला सरळ विचारावे, "भाऊ, फिगोचा टायमिंग पट्टा तुम्ही कधी बसवलाय का?" तो "हो, गेल्याच महिन्यात एक केला" म्हणाला, तर फिगोचे निम्मे भय गेले. तो "बघू की, करून टाकू" म्हणाला, तर मग पुंटोकडे वळलेले बरे.

डिझेल की पेट्रोल, हा प्रश्न दोन्ही गाड्यांत येतो. याला भावनेने नव्हे, त्रैराशिकाने उत्तर द्यावे. हिशेबासाठी डिझेल ९२ रुपये आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. खऱ्या वापरात डिझेल गाडी लिटरला १७ आणि पेट्रोल गाडी १३ किलोमीटर देते असे धरू. गुरुजींची शाळा १८ किलोमीटर दूर असेल, तर वर्षाचे कामाचे दिवस २२० धरून जवळजवळ आठ हजार किलोमीटर होतात. बाजारहाट आणि लग्नकार्ये मिळवून बारा हजार. डिझेलला सुमारे ६५ हजार रुपये लागतील, पेट्रोलला सुमारे ९७ हजार. वर्षाला ३२ हजारांचा फरक. इथे डिझेल खुशाल घ्यावे. पण शाळा तीनच किलोमीटरवर असेल आणि वर्षाचे एकूण चार हजारच किलोमीटर होत असतील, तर फरक साडेदहा-अकरा हजारांचाच उरतो, आणि इंजेक्टरचे एक काम निघाले की तो पुसला जातो. शिवाय तीन किलोमीटरांत डिझेल इंजिन नीट तापतही नाही. थंड इंजिनात काजळी धरते, धूर परत आत नेणारी झडप तुंबते, आणि गाडी ओढेनाशी होते. लहान अंतराला डिझेल गाडी म्हणजे पाव शेर भाकरीच्या पिठासाठी गिरणी चालू करण्यासारखे आहे.

पेट्रोल गाडी घेणाराने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. काही अंशी आपल्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून बनलेले. ते चांगले की वाईट हा वाद मी इथे घालत नाही. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्के कमी. पूर्वीच्या १० टक्के मिश्रणाशी ताडून पाहिले तर ती तीन-साडेतीन टक्के कमी भरते. ॲव्हरेज थोडे उतरणार, हे धरून चालावे. आणि २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी मुळात केलेले नव्हते. या दोन्ही गाड्या त्यातच येतात, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि वॉशर तपासून, भेगा असतील तर बदलून घ्याव्यात. पुंटोचे १.२ चे पेट्रोल इंजिन या जड गाडीला अपुरे पडते, हेही सांगून टाकतो. पेट्रोलच घ्यायची तर फिगोच बरी.

रस्त्याचा विचार केला, तर पुंटो उंच आहे. फिगोचे पोट जमिनीपासून १६८ मिलिमीटरवर, पुंटोचे १८५ च्या आसपास. सतरा-अठरा मिलिमीटर म्हणजे अंगठ्याएवढे; पण गावोगावच्या ओबडधोबड गतिरोधकांवर पाच माणसे बसल्यावर तेवढा अंगठाच नडतो किंवा तारतो. मागच्या बाकावर पुंटोत पाय थोडे आखडावे लागतात, आजी-आजोबांना फिगो बरी वाटेल. सुरुवातीच्या फिगोत मागच्या काचा हाताने फिरवाव्या लागतात. मला तो दोष वाटत नाही. बिघडायला एक मोटर कमी!

सुरक्षिततेविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या भिंतीवर आदळून तपासल्या. त्यांत एअरबॅग नसलेली फिगो होती, आणि मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी तिला शून्य तारे मिळाले. बाकीच्या चौघींनाही शून्यच. मात्र फिगोचा सांगाडा त्या धडकेत टिकला, असे संस्थेने नमूद केले. म्हणजे एअरबॅग असत्या तर माणूस पुष्कळ वाचला असता. पुंटोचे युरोपातले भावंड २००५ साली पाच तारे घेऊन उत्तीर्ण झाले, आणि तीच गाडी २०१७ साली पुन्हा तपासली तेव्हा शून्यावर आली. गाडी बिघडली नव्हती. बारा वर्षांत परीक्षाच कडक झाली होती. शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे एअरबॅग आणि ब्रेक लॉक न होऊ देणारी ए.बी.एस. यंत्रणा त्या वेळी वरच्या, महाग प्रकारांतच मिळे. तेव्हा दोन्ही गाड्यांत, पाच-दहा हजार जास्त पडले तरी, या दोन गोष्टी असलेलाच प्रकार शोधावा. चकचकीत रिम आणि गाणी वाजवायचे यंत्र यांच्यासाठी पैसे मोजू नयेत. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा.

गाडी पाहायला जाताना दिवसा जावे. पुरात बुडालेली गाडी नाही ना, हे आधी बघावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी चढले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या, आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकायला आल्या असणारच. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. टोकाशी गाळाची रेघ दिसली, तर दोन्ही हात जोडून परत फिरावे. गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवावे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. '२३१७' म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर उन्हाळ्यात महामार्गावर नको. इंजिन सुरू असताना तेलाचे झाकण काढावे, धूर भकाभक वर आला तर रिंगा गेल्या असे समजावे. एक्झॉस्टमधून निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही.

दिल्लीहून आलेल्या गाडीबाबत सावध असावे. तिथे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात देशभर पसरल्या. गाडी वाईटच असेल असे नव्हे, पण परराज्याचे ना-हरकत पत्र आणि इथला कर भरून होईपर्यंत स्वस्ताई बरीचशी उडून जाते.

आता वयाचे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१० साली नोंदलेली गाडी २०२५ सालीच त्या रेषेवर येऊन पोचली. पुढे चालवायची तर आर.टी.ओ.त नेऊन पुन्हा पासिंग करावे लागते, आणि ते पाच-पाच वर्षांचे मिळते. त्याची केंद्रीय फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. म्हणून २०१० किंवा २०११ सालची गाडी वीस हजारांनी स्वस्त दिसली, तरी २०१३-१४ सालची घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० यांवर मालकाची सही आपल्यासमोर घ्यावी, आणि थकलेले दंड परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून आधीच पाहून घ्यावेत. "नंतर करू की नावावर, आपलं माणूस आहे," असे म्हणणारा विक्रेता कितीही जवळचा असला तरी ऐकू नये. गाडी त्याच्या नावावर आणि अपघात आपल्या हातून, अशा वेळी विम्याची रक्कम अडकते.

मग घ्यावी कोणती? माझे मत असे : रोज लांब जाणारा, एकटाच चालवणारा, जवळ स्विफ्ट-डिझायरचा चांगला मिस्त्री असलेला माणूस असेल, तर त्याने २०१२ नंतरची डिझेल पुंटो घ्यावी. घरात दोघे-तिघे चालवणारे असतील, घाटातले ये-जा असेल आणि जिल्ह्याच्या गावी फोर्डचे काम जाणणारा माणूस असेल, तर पट्टा बदललेली फिगो. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच होत असतील, तर पेट्रोल फिगो. आणि पुंटोच ठरली, तर व्यवहार झाल्याच्या महिन्यातच पुढच्या दिव्याची एक जोडी, बाजूचा एक आरसा आणि पुढच्या चाकाचे दोन्ही आर्म, एवढे शहरातून मिळवून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवून द्यावेत.